पाचव्या आकड्याची कॉफी

अब्दलीचा उतार संपेपर्यंत तहानीनं तोंड उघडलं नाही. शमीसानीतल्या ऑफिसातून दोघं निघाले त्याला तास होऊन गेला होता. सकाळपासून बर्फ पडत होतं. अम्मानमध्ये बर्फ पडलं की शहर दोनच कामं करतं, ऑफिसं बंद करतं आणि बेकरीपुढं रांग लावतं. गाड्या चढावर आडव्यातिडव्या पडलेल्या, बस नाही, टॅक्सीवाल्यांनी हात वर केलेले. ज्याचं घर अशरफियेच्या डोंगरावर, त्यानं चालायचं, नाहीतर ऑफिसातल्या टेबलावर पथारी टाकायची. तहानीच्या बुटांत शिपायानं दिलेल्या भाजीच्या पिशव्या होत्या आणि पावलागणिक त्या चर्र चर्र वाजत होत्या. रागावून मुकाट चालणाऱ्या बाईची सगळी शान त्या पिशव्यांनी घालवली होती.

तिच्या दोन पावलं पुढं अबू यारुब चालले होते. खरं नाव मिफ्लेह. थोरल्या मुलाचं नाव यारुब, म्हणून सगळं ऑफिस त्यांना यारुबचे वडील, अबू यारुब, म्हणे. एकोणसाठ वर्षांचा, उंच, सुकलेला माणूस. डोक्याला लाल-पांढरा रुमाल गुंडाळलेला, पायांत रबरी बूट. हे बूट ऑफिसच्या कपाटात बारा महिने असत, कारण हवामान खात्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तसा त्यांचा फारसा कशावरच विश्वास नव्हता, अल्ला आणि मोजमाप सोडून.

"बोल की," ते मागं न बघता म्हणाले. "शिव्या दे. बर्फात शिव्या दिल्या की अंग गरम राहतं."

"कुणाला देऊ? तुम्हाला की डॉक्टर सिनानना?"

"मला दे. डॉक्टरला तुझ्या शिव्या कळायच्या नाहीत. त्याला आपली स्तुतीसुद्धा दुसऱ्यानं लिहून द्यावी लागते."

तहानीला हसू आलं नाही. सकाळी नऊ वाजता तिनं कॉम्प्युटर उघडला तेव्हा इंटरनेटच्या योजना तपासणाऱ्या समितीच्या खात्यात अबू यारुबचं एका ओळीचं पत्र येऊन पडलं होतं. 'माझे विरोधी मत मी मागे घेत आहे. मिफ्लेह.' बस. त्याच माणसाचं अकरा पानांचं मत, आकृत्यांसकट, तिनं तीन आठवड्यांपूर्वी स्वतः टाईप केलं होतं. ती समितीची सचिव. सहा वर्षं ती इतरांची मतं टाईप करत होती, त्यांचं व्याकरण दुरुस्त करत होती, त्यांच्या सह्यांसाठी मागं लागत होती. पण इतक्या चांगल्या अकरा पानांचा इतका घाणेरडा शेवट तिनं पाहिला नव्हता.

"उद्या दहा वाजता मुदत संपते," ती म्हणाली. "नोंदीवर एकही विरोधी मत नसलं तर अध्यक्ष 'हरकत नाही' असं लिहून मोकळे होतात. तुम्हाला माहीत आहे. दक्षिणेतल्या तीनशे बारा शाळांचं इंटरनेटचं जाळं डॉक्टरांच्या योजनेवर बांधलं जाणार. तुमच्या तफीलातल्या शाळासुद्धा. ती पोरं बटण दाबत बसतील आणि त्यांच्या माहितीचं एक पाकीट मआन गावाच्या पुढं जायचं नाही."

"मआनपर्यंत तरी जाईल असं कुणी सांगितलं तुला?"

हे ऐकून मात्र तिच्या तोंडून एक शिवी निघाली. लगेच तिनं अल्लाची माफी मागितली आणि मग तीच शिवी पुन्हा दिली.

डॉक्टर सिनानची योजना काय होती, ते समजायला फार शिकावं लागत नाही. फार शिकलेल्यांनाच ती समजत नव्हती. इंटरनेटवरच्या प्रत्येक मशिनीला पत्ता लागतो. जुना पत्ता चार आकड्यांचा, मध्ये ठिपके. असे सगळे मिळून चारशे कोटींच्या आसपास पत्ते, आणि ते संपले. संपणार हे शहाण्यांना फार आधी दिसलं होतं, म्हणून त्यांनी नवा, लांबलचक पत्ता तयार केला. त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. तो वापरायचा तर जुन्या मशिनी बदलाव्या लागतात, माणसं शिकवावी लागतात, रात्रंदिवस डोकं लावावं लागतं. काम कष्टाचं, पण होणारं. आणि कष्टाचं काम म्हटलं की कुठून तरी एक माणूस उगवतो आणि म्हणतो, कशाला एवढा त्रास, माझ्याकडे सोपा उपाय आहे.

अबू यारुबनी असे सोपे उपायवाले पोत्यानं पाहिले होते. इरबिदचा एक मास्तर आला होता, त्याचं म्हणणं, आकड्यांच्या मागं वजाचं चिन्ह लावा, पत्ते एका झटक्यात दुप्पट. अकाबाच्या एका हॉटेलमालकानं सुचवलं होतं की पत्ते पाळीनं वापरावेत, दिवसा एकाला, संध्याकाळनंतर दुसऱ्याला, त्याच्या हॉटेलातल्या खोल्यांसारखे. एका कवीनं ठिपक्याऐवजी अरबी अक्षरं घालायला सांगितलं होतं आणि त्यावर कविताही केली होती. अबू यारुब प्रत्येकाला चहा देत, पूर्ण ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत: "तुझं पाकीट वाटेत एका जुन्या मशिनीला भेटलं, तर ती मशीन त्याचं काय करेल?"

मास्तर गप्प झाला होता. हॉटेलमालक रागावला होता. कवी म्हणाला होता की मशिनीला हृदय असायला हवं. त्यातला त्यात कवीचं उत्तर प्रामाणिक होतं.

डॉक्टर सिनान या सगळ्यांहून शिकलेला, म्हणून सगळ्यांहून घातक. त्यानं चार आकड्यांना पाचवा जोडला. हा पाचवा आकडा पाकिटावरच्या एका मोकळ्या कोपऱ्यात लिहायचा. जुन्या मशिनी बदलायच्या नाहीत, काही शिकायचं नाही, पत्ते मात्र सात पिढ्या पुरतील. 'अरब बुद्धीची जगाला भेट' असं त्यानं पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. कुठल्याशा परिषदेचं पदकही आणलं होतं, जिथं हजर राहणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळे. खरी गोष्ट अशी, की वाटेतल्या बहुतेक मशिनी त्या कोपऱ्यात काही लिहिलेलं दिसलं की पाकीटच फेकून देतात. कोपऱ्यात भलतंसलतं लिहिणारे बहुधा चोर असतात, हे त्या कधीच शिकल्या आहेत. म्हणजे जुन्या मशिनी बदलाव्या लागणारच. आणि बदलायच्याच तर नव्या पत्त्यासाठी का नाही बदलायच्या, जो सगळं जग वापरतंय?

"प्रात्यक्षिकाच्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मी नोंदीत शब्दाशब्दानं लिहिलंय," तहानी म्हणाली. "टेबलावर तीन मशिनी. इकडून पाकीट गेलं, तिकडे पोहोचलं, टाळ्या. तुम्ही उठलात, मधली मशीन काढलीत, आपल्या भांडारातली साधी मशीन लावलीत. पाकीट गेलं ते गेलंच."

"आणि डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाले, आजच्या सादरीकरणाचा तो विषय नाही."

"वल्ला, काय बोललाय! घोडा विकायला आणायचा, कुणी पायाला हात लावला की म्हणायचं, आजचा विषय शेपूट आहे." अबू यारुब थांबून खदखदा हसले आणि घसरता घसरता वाचले. तहानीनं त्यांचा कोट धरला.

"मग मत मागे का घेतलंत?" ती कोट न सोडता म्हणाली. "मी ऐकल्याशिवाय पुढं जात नाही. इथंच गोठू आपण दोघं. उद्या पेपरात येऊ दे."

अबू यारुबनी मिशीवरचं बर्फ झटकलं. "चल, चालता चालता सांगतो. माझ्या घरी जाहा आली होती."

तहानीनं त्यांचा कोट सोडला. वडीलधारी माणसं झगे घालून, टोळी करून मागणी घालायला येतात, ती जाहा. मुलगी मागायला येतात, नाहीतर खुनाचं वैर मिटवायला. इंजिनियरचं मत मागायला जाहा गेल्याचं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"गुरुवारी गालिब बाशाच्या, एवढ्या बड्या असामीच्या, माणसाचा फोन. उद्या नमाजनंतर बाशा जाहा घेऊन येताहेत. आता फोनवर 'कशासाठी' असं काय विचारायचं? ते बरं दिसत नाही. आमच्या हिनं तर काही विचारायचं ठेवलंच नाही. बाशाच्या शेजारचा कुणी मुलगा आमच्या लेकीला, लुजैनला, शाळेच्या फाटकाशी बघून गेला होता म्हणे. झालं. पडदे धुतले, शेजारून खुर्च्या आणल्या, लुजैननं केस दोनदा धुतले. आणि तफीलाहून माझा थोरला भाऊ आलेला, हाजी दियाब, गुडघे दाखवायला. घरात तो असताना बोलायचा मान त्याचा."

हाजी दियाबचं नाव तहानीनं पुष्कळदा ऐकलं होतं. मिफ्लेह दोन वर्षांचा असताना बाप गेला. दियाबनं शाळा सोडली, शेळ्या राखल्या आणि धाकट्याला अम्मानच्या तंत्रशाळेत धाडलं. पुढं मिफ्लेह तफीलाच्या टेलिफोन केंद्रात लागला, खांबावर चढून तारा जोडायचा. दियाब खाली उभा राहून ओरडायचा, पडशील, उतर, आईला मी काय सांगू. त्या खांबावरून उतरून मिफ्लेह रात्री दिव्याखाली इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाची. विद्यापीठाला पहिल्यांदा इंटरनेटची तार जोडली गेली तेव्हा तिचं एक टोक त्याच्या हातात होतं. कुठल्या फोटोत तो नाही. फोटो काढताना तो टेबलाखाली होता.

"अकरा माणसं आली," अबू यारुब सांगू लागले. "एक माजी मंत्री होता, पण कशाचा ते त्यालाही आठवत नसावं. डॉक्टर सिनान सगळ्यात मागं, नवऱ्या मुलासारखा, मान खाली घालून. दियाबनं बाशाला पहिला कप दिला. बाशानं घेतला, ओठाला लावला नाही, समोर ठेवला. मागणी मान्य झाल्याशिवाय पिणार नाही. रीतच ती. मग भाषण. आदमपासून निघाला. नूहची नाव आली, मग त्याचे आजोबा, मग आमचे आजोबा, दोघं एकाच विहिरीचं पाणी प्यालेले. कॉफी निवत चालली. दियाबला तो कप बघवेना. तू त्याला ओळखत नाहीस. त्याच्या दारात पाहुण्याची कॉफी निवली तर त्याला आठ दिवस झोप येत नाही. भाषण अजून विहिरीपाशीच होतं, आणि हा मध्येच उठला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, 'प्या बाशा, प्या! ज्यासाठी आलात ते दिलं. या घरातून जाहा रिकाम्या हातानं गेलेली नाही!'"

"न ऐकताच?"

"न ऐकताच. आपल्याकडं मोठेपणा तो. ऐकून तर कुणीही देईल. बाशानं कप एका घोटात संपवला. अकराच्या अकरांनी संपवले. आणि दारामागून आमच्या हिनं आनंदाची किलकारी दिली, जीभ फिरवून, अख्ख्या गल्लीनं ऐकावी अशी. मग शेजारणीनं दिली. मग जिन्यावरून आणखी कुणी तरी. बाशानं मिशी पुसली आणि म्हणाला, 'अल्ला तुमचं भलं करो. तर डॉक्टर सिनान यांच्या योजनेवर इंजिनियर मिफ्लेहनी जे विरोधी मत दिलंय, ते मागे घ्यावं, एवढंच मागायला आलो होतो.'"

तहानीनं तोंडावर हात दाबला.

"दियाब म्हणाला, 'मत? कसलं मत? आणि पोरगी?' बाशा म्हणाला, 'कुठली पोरगी?'"

आता मात्र तिला आवरेना. पिशव्यांचे बूट घालून ती सॉल्ट रस्त्याच्या मधोमध उभी राहून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं. अबू यारुब हसले नाहीत. ते वाट बघत उभे राहिले. मग तिच्याही लक्षात आलं आणि तिचं हसू विरलं.

"लुजैन कशी आहे?"

"दोन दिवस जेवली नाही. आता ठीक आहे. म्हणते, बाबा, मला डॉक्टर सिनानच्या पाकिटासारखं वाटतंय."

पुढच्या वळणावर बेकरीची रांग आडवी आली. रांग कसली, भिंतच. माणसं चार-चार किलो भाकरी छातीशी धरून बाहेर पडत होती, जणू उद्यापासून जॉर्डनमध्ये गहू पिकणार नाही. अबू यारुबना घरी एक किलो न्यायची होती, म्हणून दोघंही उभे राहिले. पुढच्या जाड गृहस्थानं वळून त्यांच्या गळ्यातला ऑफिसचा पट्टा पाहिला.

"तुम्ही इंटरनेटवाले ना? आमचं कालपासून बंद आहे."

"बर्फ पडतंय, काका. तुमच्या नळाचं पाणी चालू आहे का?"

"नाही."

"मग इंटरनेटला काय वेगळं सोनं लागलंय?"

"पण माझा मेहुणा म्हणतो, आता नवीन काही तरी येतंय. टीव्हीवर होतं. पाचवा आकडा. ते लावलं की सगळं फटाफट."

अबू यारुबनी तहानीकडे पाहिलं. तहानीनं आभाळाकडे.

"मेहुणा काय करतो?" अबू यारुबनी विचारलं.

"टायर विकतो."

"त्याला विचारा, गाडीला पाचवं चाक लावून गाडी जास्त पळते का."

गृहस्थानं खरोखर विचार केला. "स्टेपनी म्हणून बरं असतं," तो म्हणाला आणि आपल्या भाकऱ्या घेऊन गेला.

"बघितलंस?" भाकरी कोटाच्या आत घेऊन चालता चालता अबू यारुब म्हणाले. "त्याची चूक नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. आपण अकरा पानं लिहितो आणि ती सात माणसं वाचतात. त्यातले चार वाचल्याचं नाटक करतात. डॉक्टर टीव्हीवर जातो."

"तुम्ही नाही म्हणायचं होतंत," तहानी म्हणाली. "बाशांना तोंडावर. शब्द तुम्ही दिला नव्हता. भावानं दिला होता, आणि तोही न ऐकता."

"शुक्रवारपासून काल मंगळवारपर्यंत मी हेच म्हणत होतो. स्वतःशी. मग काल रात्री दियाब माझ्या खोलीत आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरून चालतो. म्हणाला, 'मिफ्लेह, मी बाशाकडं जाऊन शब्द परत घेऊ का? तू म्हणशील तर जातो.' आणि मला दिसलं, तो खरंच गेला असता. आणि परत आल्यावर तफीलाला कधी गेला नसता. मशिदीच्या ओट्यावर बसला नसता." त्यांनी खांद्यावरचं बर्फ झटकलं. "ज्यानं माझ्यासाठी शेळ्या राखल्या, त्याला मी या वयात लाचार करू? मी मत मागे घेतलं. विरोध मागे घेतला. पण 'योजना चांगली आहे' असं मी लिहिलेलं नाही. ते लिहायला त्यांनी सांगितलं होतं. बाशाच्या माणसानं फोन करून मसुदाही पाठवला होता. खोट्या साक्षीवर मी सही करणार नाही. अकरा काय, अकराशे जण कॉफी न पिता बसू देत माझ्या दारात."

"आणि साक्ष लपवणं? ते पाप नाही?"

अबू यारुबनी कोटाच्या आतली भाकरी वर सरकवली. तिच्या प्रश्नानं ते दुखावले हे तिला दिसलं, पण तिनं तो मागे घेतला नाही. घरात तिची आई हाच प्रश्न विचारत असे, ज्याला ठाऊक आहे त्यानं गप्प बसायचं कसं.

हुसैनी मशिदीपाशी पोहोचले तेव्हा अस्रची, दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली. अबू यारुब पुढच्या दारानं गेले, ती बाजूच्या बायकांच्या दारानं. आत तिघीच होत्या. तिनं पायातल्या पिशव्या काढून कोपऱ्यात ठेवल्या, थंडगार गालिच्यावर उभी राहिली आणि कपाळ टेकलं. नमाज झाल्यावर ती थोडी बसून राहिली.

डॉक्टर सिनान तिचे गुरू होते. तिच्या प्रबंधावर त्यांची सही होती, या नोकरीसाठी शिफारसपत्र त्यांचंच होतं. वर्गात ते छान शिकवत, हे खोटं नाही. एकदा तिनं विचारलं होतं, सर, इतके लोक इतकी वर्षं नव्या पत्त्यावर काम करताहेत, ते सगळे चुकले आणि आपण एकटे बरोबर, असं कसं? ते हसून म्हणाले होते, गर्दी नेहमी चुकते. तेव्हा ते वाक्य तिनं वहीत उतरवून घेतलं होतं. आता तिला वाटलं, गर्दी चुकते हे खरं धरलं, तरी एकटा माणूस बरोबर असतो हे कुठं ठरलं? एकट्याला तर चुकायला अडवणारंही कुणी नसतं. ते पान आजच फाडावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, नको. मूर्खपणाचीही नोंद असू द्यावी.

तिनं डोळे मिटून अल्लाकडे काही मागितलं. काय मागितलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

बाहेर अबू यारुब सहलबवाल्याच्या गाडीपाशी उभे होते. दोन पेले घेतले होते, गरम दाट दुधाचे, वर दालचिनी. एक त्यांनी तिच्या हातात दिला.

"पी," ते म्हणाले. "मी काही मागायच्या आधी पी. नाहीतर तूही बाशासारखी ठेवून देशील."

"मागणारा ठेवतो, अबू यारुब. देणारा नाही. तुमच्याच रीती तुम्हीच विसरलात."

"खरंय." त्यांनी आपला पेला गाडीच्या फळीवर ठेवला, न पिता. गाडीवाल्यानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तहानीनंही. ते हसत नव्हते.

"ऐक," ते म्हणाले. "बाशानं अकरा माणसं जमवली. मंत्री आणला. माझ्या घरी आला, माझ्या भावाला धरलं. समितीतल्या बाकीच्यांच्या घरी कुणाचे काका, कुणाचे मामा पाठवले. सगळ्या पुरुषांची दारं ठोठावली. तुझं दार ठोठावलं का कुणी?"

"माझं कशाला ठोठावतील? मी सचिव. मी टाईप करते."

"समितीच्या नियमांत काय लिहिलंय? कलम नऊ. तूच टाईप केलंयस."

तहानीला कलम नऊ पाठ होतं. 'समितीचे सभासद अथवा तांत्रिक सचिव आपले मत लेखी नोंदवू शकतात.' सहा वर्षांत त्या 'अथवा'च्या पुढं कुणी वाचलं नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा.

"बाईची सही मागायला झगे घालून कोण जाणार, असं वाटलं त्यांना," अबू यारुब म्हणाले. "एवढे हुशार लोक. पाकीट कुठून जाईल ते त्यांना कधी कळलंच नाही, मग हे कसं कळणार? माझी सही गेली, तहानी. ती दियाबच्या शब्दासाठी गेली, त्याचं मला काही नाही. तुझी सही कुणी मागितलेली नाही, कुणाला दिलेली नाही. डॉक्टर तुझा गुरू आहे, मला माहीत आहे. नंतर तो तुला ओळख दाखवणार नाही. कदाचित आणखीही काही करील. म्हणून मी हक्कानं सांगत नाही, मागतोय."

सहलबचा वाफाळता पेला तिच्या हातात जड झाला. फळीवरच्या दुसऱ्या पेल्यावर साय धरू लागली होती.

"माझी अकरा पानं पुन्हा टाईप करू नकोस," ते म्हणाले. "ती मी मागे घेतली आहेत, ती वापरलीस तर माझा शब्द मोडेल. माझं नाव घालू नकोस. तू स्वतः पाहिलंस तेवढंच लिही. साधी मशीन लावली आणि पाकीट गेलं ते आलंच नाही, हे तू आपल्या डोळ्यांनी पाहिलंयस. गुळमुळीत लिहू नकोस. 'विनम्रपणे निदर्शनास आणू इच्छिते' असलं काही नको, तुला ती खोड आहे. आणि आकृत्याही नकोत. उद्या दहाच्या आत असं लिही, की मी ते हाजी दियाबला वाचून दाखवलं, तर न ऐकता आपण काय देऊन बसलो होतो, ते त्याला कळावं."